बांधकाम कंपनीतली नोकरी : सही आमची, निर्णय कुणाचा?

गिलावा :
माझा पुतण्या यंदा सिव्हिल इंजिनिअर झाला. पुण्यातच त्याला दोन नोकऱ्या चालून आल्यात. एक स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्यांच्या ऑफिसात, दुसरी बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअरची. पगार साइटवर थोडा जास्त. मी याच धंद्यातला, म्हणून घरात मला विचारलं आणि मी साइट नको म्हणालो. त्यावरून घरात बरंच वाजलं. या फोरमवर या क्षेत्रातले बरेच जण आहेत, म्हणून मांडतो.

ऊन, धूळ, वेळी-अवेळी जेवण याबद्दल माझी तक्रार नाही. स्लॅब सुरू झाला की संपेपर्यंत घरी जायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. माझा आक्षेप सहीवर आहे. स्लॅब भरण्याआधी पोअर कार्डावर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीच्या कागदावर, सह्या होतात : सळई तपासली, कव्हर (सळईबाहेरचा काँक्रीटचा थर) तपासलं, सेंटरिंग (खालचा तात्पुरता साचा आणि टेकू) तपासलं. प्रत्यक्षात त्या वेळी गेटवर आरएमसीच्या, म्हणजे प्लांटवरून आलेल्या तयार काँक्रीटच्या, गाड्या उभ्या असतात, पंप लागलेला असतो आणि बीमच्या तळाला कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) कुठे आहेत, कुठे नाहीत. माल प्लांटवर भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा, म्हणून सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे. नुकता कॉलेजातून आलेला मुलगा अशा वेळी सही अडवेल का? फोनवर प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, ‘तू सही कर, मी बघतो.’ पुढे तळाची सळई गंजून काँक्रीट सुटलं की कागदावर नाव त्या मुलाचं.

सेंटरिंगचंही तेच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढायचे नसतात. पण सेंटरिंगच्या प्लेटांचे सेट मोजकेच आणि पुढचा मजला अडलेला. मग ‘मधले दोन जॅक ठेव, बाकी खोल’ असा तोंडी हुकूम येतो. हा हुकूम लिहून दिलेला मी आजवर पाहिला नाही. जबाबदारी आहे पण अधिकार नाही, अशा जागी पोराला का पाठवायचं?

चौथा मजला :
मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे, त्यामुळे तुम्ही ज्याच्यावर बोट ठेवलंत तो मीच. तुमचा सल्ला मला साफ अमान्य आहे.

डिझाइन ऑफिसात बसलेला मुलगा कॉलम-बीमच्या सांध्यात सळया काढतो. कागदावर सगळ्या बसतात. साइटवर त्याच सांध्यात चारी बाजूंच्या बीमच्या सळया, कॉलमच्या रिंगा आणि जोड एकत्र येतात आणि काँक्रीट हलवून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई आत जात नाही. तिथे हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ्या, होणार हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, त्याचंच डिझाइन पुढे नीट होतं. साइट न करता ऑफिसात गेलेले हुशार लोक मी पाहिलेत, त्यांची ड्रॉइंग्ज आम्हाला रोज परत पाठवावी लागतात.

आणि घाईचं म्हणाल, तर ती कुणाच्या हव्यासातूनच येते असं नाही. 2017 पासून महारेरा, म्हणजे राज्याचं रिअल इस्टेट नियामक प्राधिकरण, आहे. ताब्याची तारीख चुकली तर ग्राहकाला व्याज द्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. तो माणूस घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरत असतो. एका मजल्याला पाच दिवस जास्त लागले तर बावीस मजल्यांचे किती, हा हिशेब मला करावाच लागतो. राहिली गोष्ट ‘नाही’ म्हणण्याची. तीही साइटवरच शिकता येते. माझ्या हाताखालच्या ज्युनिअरने गाडी परत पाठवलेली आहे आणि मी त्याच्या बाजूने उभा राहिलोय.

क्युरिंग :
चौथा मजला, तुम्ही उभे राहिलात हे चांगलं केलंत. पण सगळं तुमच्या स्वभावावर अवलंबून राहिलं ना? तुमच्या जागी दुसरा आला की त्या ज्युनिअरचं काय?

मी क्वालिटीत, म्हणजे कामाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात आहे. मला साइटच हवी होती, पण मुलाखतीत दोन ठिकाणी ‘मॅडम, तुम्हाला बिलिंग किंवा प्लॅनिंगला घेऊ’ असं ऐकवलं गेलं. मिळाली त्या साइटवर बायकांसाठी संडास नव्हता. मी सकाळपासून पाणी न पिता काम करायचे. मजूर बायकांना तर कुणी विचारतही नव्हतं. तो संडास मागून, भांडून झाला आणि आधी त्यांना उपयोगी पडला. तरीही पुतण्याला साइटवर पाठवा असंच मी म्हणेन, कारण हे काम मला मनापासून आवडतं. भरलेला मजला उघडल्यावर कोपरे धारदार निघाले की जो आनंद होतो तो स्क्रीनवर मिळत नाही.

फक्त त्याला लिहायला शिकवा. पंप अडकला की कामगार गाडीच्या तोंडाशी पाइप धरून मालात पाणी सोडतात. मी ते थांबवते, स्लम्प (माल किती पातळ आहे याची चाचणी) पुन्हा घेते, त्याच गाडीचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) वेगळे भरते आणि गाडीचा नंबर रजिस्टरला चढवते. सात दिवसांचा निकाल कमी आला की तो कागद बोलतो, मला आवाज चढवावा लागत नाही. ‘मी बघतो’ म्हणणाऱ्यालाही त्याच संध्याकाळी ‘आपल्या फोनवरील सूचनेनुसार’ असा मेल जातो. पुढच्या वेळी सूचना विचार करून येते.

गिलावा :
चौथा मजला, ग्राहकाच्या हप्त्याचा मुद्दा मला मान्य. पण तारीख देताना टेकूचे चौदा दिवस मोजले होते का? तारीख ठरवतात विक्रीवाले, ती गाठायची साइटने. कमी पडलेले दिवस मग काँक्रीटमधून आणि माणसांच्या झोपेतून काढले जातात.

झोपेचं म्हणतोय ते उगाच नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात देखरेखीचं काम करणारा आणि महिना सोळाशे रुपयांहून जास्त पगार घेणारा माणूस ‘कामगार’ धरलेलाच नव्हता. म्हणजे आमच्या पिढीचा एकही साइट इंजिनिअर जादा तासांचा मोबदला त्या कायद्याने मागू शकला नाही. रात्रभर स्लॅब आणि सकाळी आठला पुन्हा हजेरी, हे इतक्या वर्षांत अंगवळणी पडलं. रात्रभर जागलेला माणूस सकाळी सळई काय तपासणार?

क्युरिंग, तुमचा मेलचा उपाय चांगला आहे, पण तुमची क्वालिटी कुणाला रिपोर्ट करते?

क्युरिंग :
मुख्य कार्यालयाला. पगारवाढही तिथूनच ठरते. आधीच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजरच्या हाताखाली होते, तिथे असे मेल फार दिवस चालले नाहीत. हा फरक मोठा आहे, हे खरं.

चौथा मजला :
यालाच माझा विरोध आहे. साइटवर दोन मालक झाले की काम अडतं. जबाबदार एकच माणूस हवा, आणि तो मी.

वारजे नाका :
सगळं वाचलं. इंजिनिअरची सही, इंजिनिअरची झोप. सेंटरिंग खोलताना खाली उभा असतो तो माणूस या धाग्यावर अजून आलाच नाही, म्हणून लिहितेय.

माझे वडील गवंडी. वारज्याच्या नाक्यावर सकाळी उभे राहून काम मिळवायचे, नंतर एका पेटी कॉन्ट्रॅक्टरकडे, म्हणजे कंपनीकडून काम घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराकडे लागले. कंपनीच्या बोर्डाखाली काम करूनही कंपनीच्या कुठल्याच कागदावर ते नव्हते. 29 जून 2019 ला कोंढव्यात सोसायटीची भिंत पत्र्याच्या खोल्यांवर पडून 15 जण गेले, ते मजूर आणि त्यांची कुटुंबं होती. त्या रात्रीनंतर आई पावसात झोपायची नाही, कारण आम्हीही तशाच पत्र्याखाली राहत होतो.

बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कापला जातो तो याच माणसांसाठी. त्यातून मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणाची मदत मिळते. पण बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. पेटीवाला म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते तुमचा ठेकेदार कोण. वडिलांना तो कागद शेवटी एका तरुण साइट इंजिनिअरने मिळवून दिला. त्याने हजेरीचं रजिस्टर काढलं आणि ठेकेदाराला समोर बसवून सही घेतली. त्यावरून मिळालेल्या मंडळाच्या कार्डावर माझं डिप्लोमाचं शिक्षण झालं.

गिलावादादा, पुतण्याला साइटवर जाऊ द्या. असा एखादा माणूस तिथे हवाच असतो.

गिलावा :
ताई, हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण एकट्या भल्या माणसावर सगळं सोडणं मला अजूनही पटत नाही. त्याला सांगतो, ऑफर स्वीकारण्याआधी दोन गोष्टी विचार : क्वालिटी कुणाला रिपोर्ट करते, आणि रात्रीच्या स्लॅबनंतर दुसऱ्या दिवशी सुट्टी असते का.

वारजे नाका :
तिसरीही विचारायला सांगा. 90 दिवसांच्या दाखल्यावर तिथे सही कोण करतं?