मदत हवी आहे: ड्रिपरमध्ये क्षार धरतोय, हजार लिटरला ३ ग्रॅम औषध पुरेल?

नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. खरड छाटणी होऊन तीन आठवडे झालेत आणि नेमकं आत्ताच ठिबक दगा देतंय. लाइनीच्या सुरुवातीला पाणी व्यवस्थित, टोकाच्या वेली मात्र मलूल. ड्रिपर उघडला तर तोंडाशी पांढरा खडबडीत थर, नखानं निघत नाही.

पाणी बोअरचं आहे. तपासून घेतलं तर पीएच ८.१ आणि कठीणपणा लिटरला ६४० मिलिग्रॅम निघाला. दरवर्षी ॲसिड सोडतो, दोन-तीन महिने बरं जातं, पुन्हा तेच. गेल्या वर्षी ओतताना वडिलांच्या हातावर उडालं, तेव्हापासून तो कॅन बघितला तरी माझ्या पोटात गोळा येतो.

दुकानदार म्हणतात, व्हेंचुरीतून (ठिबकच्या पाण्यात औषध ओढून घेणाऱ्या नळीतून) अँटिस्केलंट, म्हणजे क्षार धरू न देणारं औषध, सोडा, हजार लिटरला ३-४ ग्रॅम बास. घोडं इथंच अडलंय. हजार लिटरमध्ये सहाशे ग्रॅमच्या वर चुना, त्याला तीन ग्रॅम कसं पुरणार? ॲसिडचं समजतं, जेवढं बायकार्बोनेट तेवढं ॲसिड. हे कुठल्या हिशोबात बसतं? आणि चोंदलेले ड्रिपर यानं मोकळे होतील का?

मिरजकर:
ताई, शंका रास्त आहे. साखर कारखान्यात बॉयलरच्या पाण्यावर मी अठरा वर्षं काढली, सुरुवातीला मलाही हेच कोडं होतं.

चुना काढणं हे या औषधाचं कामच नाही. पाणी होतं तेवढंच जड राहतं. दुपारी काळी लॅटरल (ड्रिपरची नळी) तापते, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि विरघळलेल्या बायकार्बोनेटचं न विरघळणारं कार्बोनेट होतं. आधी डोळ्याला न दिसणारं बी तयार होतं, मग त्यावर थर चढतात. पण स्फटिक सगळ्या अंगानं वाढत नाही. त्याच्या पृष्ठभागावर बारीक पायऱ्या असतात, नवा कण तिथंच बसतो. अँटिस्केलंटमधले फॉस्फोनेटचे किंवा पॉलिअ‍ॅक्रिलेटचे रेणू नेमक्या त्याच जागा अडवतात. जागा मोजक्या, म्हणून औषधही मोजकं. गोदामात पोती हजार असली तरी दाराला कुलूप एकच लागतं.

मात्र हे कायमचं थांबणं नाही, लांबणं आहे. तेवढ्या वेळात पाणी ड्रिपरबाहेर पडतं म्हणून भागतं. तोंडाशी शेवटचा थेंब वाळतो तिथं थोडा क्षार राहणारच, पण त्याचे स्फटिक वेडेवाकडे वाढतात, थर भुसभुशीत होतो आणि फ्लशिंगला निघतो. जुना घट्ट थर यानं सुटणार नाही, त्याला एकदा ॲसिडच. आणि ‘जरा जास्त टाकू’ करू नका, जादा फॉस्फोनेट कॅल्शियमशी मिळून स्वतःच खाली बसतं. हेक्सामेटाफॉस्फेट हे स्वस्तातलं अँटिस्केलंट उन्हाळ्यात टाळा. तापल्या पाण्यात ते फुटून साधं फॉस्फेट होतं, मग कॅल्शियम फॉस्फेटचा वेगळाच थर.

बागायतदार_कवठेमहांकाळ:
आधी थर खरवडून त्यावर ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसला तर चुना. नाही फसफसला, चिकट लागला, तर शेवाळ किंवा जिवाणू, त्याला क्लोरीन लागतं. पण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी वायू होतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे, चष्मा घालाच. शेवटच्या ड्रिपरला पीएच ४ च्या आसपास आला की पंप बंद, २४ तास तसंच ठेवा, मग लाइनीच्या टोकाची एण्ड कॅप काढून सगळं धुऊन काढा. आणि जड पाण्यात १२:६१:०० हे फॉस्फेटचं खत सोडत असाल तर तिथंही साका होतो, ते बघा.

धागाकर्ती:
आत्ताच थेंब टाकून बघितला, जोरात फसफसला. दोघांचे मनापासून आभार, दादा. परवा वीज दिवसा आहे, तेव्हा ॲसिड मीच सोडणार, वडिलांना लांब बसवून. नंतर अर्ध्या बागेलाच अँटिस्केलंट देते. ड्रिपर ताशी चार लिटरचे आहेत, म्हणजे पंधरा मिनिटांत एक लिटर यायला हवं. दोन्हीकडच्या टोकाला डबे ठेवून दर आठवड्याला मोजते आणि आकडे इथंच टाकते.