आय५ ४४६० प्रोसेसरच्या जुन्या कॉम्प्युटरवर आता एक रुपयाही घालू नये. पटतंय का?

प्रेसवाला मिरज
आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइनं. कॉम्प्युटरचं मशीन २०१५ सालचं: इंटेलचा आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबतो, दुकान झाडतो, उदबत्ती लावतो, चहा सांगतो. तेव्हा कुठे कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडायच्या बेतात येतं.

बजेट २५,०००. मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड आहे तेच ठेवणार. माझं मत, शिव्या घाला हवं तर: या मशीनवर आता काहीही खर्च करणं म्हणजे पडक्या वाड्याला रंग देणं. डीडीआर३ रॅम पुढच्या बोर्डावर चालणार नाही. या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या खाचेत, पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते, आमची चौथी.

म्हणून आय३ १२१००, डीडीआर४ वाला एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई (वेगवान चिपवाली डिस्क, एसएसडी). ग्राफिक कार्ड नाही. दुकानदार 'एफ'वाला प्रोसेसर स्वस्तात गळ्यात मारू बघतोय, पण त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड घेईपर्यंत स्क्रीन काळीच.

चिक्कूशेठ
साहेब, उदबत्ती संपते ती हार्ड डिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचते. हार्ड डिस्कची सुई प्रत्येकीसाठी तबकडीभर धावते, सेकंदाला शंभरेक फेऱ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी. साधी साटा एसएसडी तेच काम हजारोंच्या हिशोबात करते.

२५,००० कशाला? एक एसएसडी घाला, विंडोज नव्याने टाका, महिनाभर वापरा आणि मग बोला. लग्नपत्रिकेला नवा प्रोसेसर लागत नाही.

प्रेसवाला मिरज
पत्रिकेला नाही लागत, मान्य. पण दहा बाय वीसच्या फ्लेक्सची फाइल फोटोशॉपमध्ये उघडली की ८ जीबी रॅम तोंडाला फेस आणते. ती वाढवायची तर डीडीआर३ च घ्यायची, म्हणजे जुन्या मशीनमधनं काढलेली. तिची गॅरंटी कोण देणार? आणि विंडोजचं काय?

चिक्कूशेठ
विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून मिळतात. एक सीझन निघतो. सध्या रॅमचे भाव बघितलेत का? सगळ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. ऐन महागाईत खरेदीला निघालात तुम्ही.

रात्रपाळी
दोघंही चुकताय. २५,००० मध्ये एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर बघा. सहा कोर (एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) आणि आत बऱ्यापैकी ग्राफिक्स. १२१०० चारच कोरचा आहे. पोरगं संध्याकाळी दुकानात बसून गेम खेळलं तरी तक्रार नाही. फक्त रॅम ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको. आतलं ग्राफिक्स रॅममधूनच उचल घेतं, एका पट्टीवर ते अडखळतं.

प्रेसवाला मिरज
त्याचं एएम४ सॉकेट २०१६ चं. पुढे काय? आणि पोरगं गेम खेळलं तर तक्रार माझी असेल.

रात्रपाळी
तुमच्या एच६१० ला तरी पुढे काय आहे? फार तर चौदाव्या पिढीपर्यंत, मग तेही बंद. पुढची सोय हवी तर एएमडीचं नवं एएम५ सॉकेट घ्या, तिथे डीडीआर५ सक्तीची, आणि तुमच्या २५,००० ची तिथेच उत्तरक्रिया. दहा वर्षांत तुम्ही एकदा तरी प्रोसेसर बदललात का? नाही ना? मग सॉकेटचं रडगाणं कशाला.

प्रेसवाला मिरज
हा बाण लागला. खरंच कधी बदलला नाही.

जुना बाजार
नवं घेताच कशाला? ऑफिसांतून निघालेली आठव्या पिढीची ब्रँडेड मशीनं रिफर्बिश्ड मिळतात, आय५ ८५०० वाली. सहा कोर, विंडोज ११ अधिकृत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ढिगाने पडलीत, मिरजेतही कोणीतरी आणून देईल.

एसएमपीएसग्रस्त
मी घेतलं होतं तसलं. वर्षभराने एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) गेला. बाजारातला साधा बसेना, कारण बोर्डाची पिनच वेगळी. तसाच जुना मिळेपर्यंत तीन आठवडे काम बंद.

आणि धागाकर्ते, तुमच्या यादीत एसएमपीएस कुठे आहे? दहा वर्षांचा जुनाच लावणार? आमच्याकडे लाइट दिवसातून चारदा जाते-येते. मागच्या वेळी दुकानदाराने कॅबिनेटसोबत '४५० वॅट' लिहिलेला लोकल दिला होता, वजनाला खोबऱ्याच्या वाटीइतका. गेला तो बोर्डाला घेऊनच. दोन हजार कोर-बिरमधून वाचवा, पण ८० प्लसवाला (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) घ्या.

चिक्कूशेठ
याच्याशी सहमत. या धाग्यावर पहिल्यांदाच.

शाईची बोटं
मी पण डीटीपीवाला, इचलकरंजी. एक विचारतो. तुमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कुठलं? जुनं, डोंगलवालं (मशीनला मागे छोटी चावी लावल्याशिवाय न चालणारं) असेल तर डोंगल यूएसबीचा की प्रिंटर पोर्टचा? माझा मागच्या त्या लांब गुलाबी पोर्टात बसतो. एच८१ च्या काही बोर्डांवर ते पोर्ट होतं. नव्या बोर्डांवर शोधावं लागेल. यूएसबीचं कन्व्हर्टर लावून प्रिंटर चालतो, डोंगल बहुतेक ओळखतच नाही. मी नवं मशीन आणलं आणि चार दिवस पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फायली नुसत्या बघत बसलो. अक्षरं सगळी चौकोन.

प्रेसवाला मिरज
आत्ता मशीनमागे मोबाइलचा टॉर्च मारून आलो. गुलाबीच आहे. डोंगलवर धुळीचा थर, २०१५ पासून हात लावला नाही म्हणून डोक्यातनंच गेलं होतं.

रात्रपाळी
सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठी अक्षरांत) करून टाका ना एकदाचं.

शाईची बोटं
करतो की. बदलताना मोडलेली जोडाक्षरं तपासायला तुम्ही येताय ना?

प्रेसवाला मिरज
तर आता असं. ४४६० ला एसएसडी घालतो, नेट काढून टाकतो, जुन्या फायली आणि मराठी टायपिंग तिथेच. चिक्कूशेठ, नाचू नका. फ्लेक्सच्या कामाला नवं मशीन घेणारच, १२१०० वरच मन आहे. पण आता कॅबिनेट आणि एसएमपीएसही नवा लागणार, म्हणजे २५,००० त बसत नाही. रॅम सध्या ८ ची एकच पट्टी, दुसरी भाव उतरल्यावर.

रात्रपाळी
एका पट्टीवर चार कोर. म्हणजे ८ जीबीवरच परत आलात!

चिक्कूशेठ
मी नाचत नाहीये. फक्त विचारतोय, एसएसडी बसवल्यावर नव्या मशीनची ऑर्डर लगेच देणार की महिन्याने?