गंजलेली घंटा आणि जर्मन अक्षरं

प्रश्न: मंडळी, मुलाकडे अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टला आलोय. फिरायच्या वाटेवर एका ल्यूथरन चर्चच्या अंगणात, विटांच्या ओट्यावर, कमरेएवढी घंटा ठेवलीय. चक्क गंजलेली! काठावर बोट फिरवलं तर तांबडी भुकटी लागली. लोलक गायब. जर्मन अक्षरांतलं 'बोखुम' आणि 1881 एवढंच लागलं. घंटा काशाची असते ना?

उत्तर १: काका, ती ओतीव पोलादाची. बोखुम हे जर्मनीतलं पोलादाचं गाव. तिथल्या याकोब मायरच्या कारखान्याने 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात अशा घंटा मांडल्या, तेव्हा क्रुप या दुसऱ्या जर्मन पोलादवाल्याला पटेना. हे साधं बीडच (ओतीव लोखंड) म्हणे! शेवटी एक फोडून तिचे तुकडे ठोकून घडवून दाखवले; बीड तसं घडवता येत नाही. काशाहून स्वस्त, म्हणून नव्या वस्तीतल्या लोकांना परवडायची. आवाज जरा कोरडा, हे आपलं माझं मत.

उत्तर २: डॅव्हनपोर्टला 1848 नंतर उत्तर जर्मनीकडच्या श्लेस्विग-होल्श्टाइनचे बरेच लोक आले. सगळेच देवभोळे नव्हते हं, कित्येक तर चर्चची पायरीही चढत नसत. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू झाला, आणि मे 1918 मध्ये आयोवाचा गव्हर्नर हार्डिंगने फतवा काढला: शाळेत, रस्त्यावर, टेलिफोनवर, चर्चमध्येसुद्धा फक्त इंग्रजी. म्हाताऱ्यांनी प्रवचन ऐकायचं कुठल्या भाषेत?

प्रश्नकर्ता: बापरे, फोनवरही? आज परत गेलो. नातीने काठीने हळूच टोला दिला. कोरडा कसला, चांगली घुमली की! आतून एक चिमणी मात्र उडाली.