तह करू की लढू?

आमचा अंतराळ-साम्राज्यांचा खेळ दर शनिवारी कोथरूडला, मित्राच्या गच्चीवर. माझे 9 ग्रह. शेजारच्या सम्राटाने (एरवी माझा आतेभाऊ) इंधनाची वाट अडवलीय, वर 4 ग्रह मागतोय. तहाचा मसुदा वहीत तीनदा खोडलाय. देऊ का?

उत्तर १: देऊन टाक. 1665 ला पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले, 12 राखले. 1670 ला परत घ्यायला सुरुवात! फक्त इंधनाचा ग्रह सोडू नकोस.

उत्तर २: निरोप किती वेळात पोचतो? सूर्याजवळच्या ताऱ्यापर्यंत प्रकाशालाच 4 वर्षांहून जास्त लागतात. तह पोचेस्तोवर लढाई उरकलेली असेल.

प्रश्नकर्ता: आमच्यात निरोप एका फेरीत पोचतो. 3 ग्रहांवर तोडतो. आतेभाऊ स्वखर्चाने भेळ आणतोय म्हणे, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.