बेळगाव-गोवा वाटेवरच्या चोर्ला घाटात नाहीतर कुठंही, गिअरबॉक्सनं दगा दिलाय काय? अनुभव लिवा

जांबोटी_नाका
परवा रात्री साखळीहून परत येत होतो. घाट चढून कणकुंबीच्या अलीकडं आलो तर एक पिकअप दुसऱ्या पिकअपला दोर लावून ओढायली होती. काच खाली केली आणि तो वास आला. जळक्या क्लचचा. बायको म्हणाली, कोणी टायर पेटवलाय काय? म्हटलं नाही, हा आमच्या बाबांच्या गाडीचा वास आहे.

बाबा बेळगावची भाजी म्हापशाला न्यायचे. रात्री दोनला भरायची, उजाडायच्या आत बाजारात. गाडी दीड टनाची, माल किती भरायचे ते इथं लिहीत नाही. एकदा परत येताना गल्लीतल्याच एका काकांची पिकअप घाटाखाली केरीत बंद पडली होती. डिझेल पंप गेला होता. बाबांनी दोर लावला. आमच्या हौद्यात नारळ, त्यांच्या हौद्यात रिकाम्या क्रेट. मी तेव्हा आठवीत, बाबांच्या शेजारी. सगळा घाट फर्स्ट आणि हाफ क्लच. गिअरचा दांडा इतका थरथरायचा की बाबांनी हात काढला की खडखड आवाज यायचा. वर पोचल्यावर सेकंड पडेचना. फर्स्टवरून एकदम थर्ड मारत बेळगावपर्यंत आणली दोन्ही गाड्यांची वरात. ऑटोनगरचा मेस्त्री खाली सरपटत गेला, बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, "सेकंड गेअर होत्री." म्हणजे गेला. आईनं त्या महिन्यात भिशी अर्ध्यावर उचलली.

तुमचं लिवा. कंपनीचं नाव घेऊन भांडण नको, गाडी कुठली का असेना.

मिरचीवाला
माझा टॉप गिअर सटकायचा. वंटमुरीच्या चढाला हमखास. दोन महिने दांड्याला सायकलची ट्यूब बांधून सीटच्या पायाला ओढून ठेवली होती. क्लीनर म्हणायचा, मालक, ही गाडी आहे की बैल.

शिनोळीचा_पोरगा
@मिरचीवाला मग तिसऱ्या महिन्यात काय झालं?

मिरचीवाला
ट्यूब तुटली 😄 आणि मग गिअरबॉक्स पण.

उद्यमबाग_लेथ
माझं काम गिअर, शाफ्ट, बुश हेच, म्हणून जरा लांबडं लिहितो, वैतागू नका.

ओढणारी गाडी मरते हे सगळ्यांना दिसतं, खरं ओढली जाणारी पण मरते. पिकअपची मागची चाकं रस्त्यावर फिरायली असली की प्रॉपेलर शाफ्टमधून, म्हणजे गाडीखालच्या लांब दांड्यातून, गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट पण फिरतोय. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, म्हणजे खालचा काउंटर शाफ्ट गप्प उभा. आता ऑइल वर उडवतं कोण? तोच काउंटर शाफ्ट. पंप नसतो हो आत, गिअरचे दात ऑइलात बुडून शिंतोडे उडवतात, तेवढ्यावरच सगळं चालतं. म्हणजे वरचा शाफ्ट कोरडा फिरतो आणि बुश जळतात. पाच-सहा किलोमीटरला हळू नेली तर खपून जाईल, पुढं नाही. मागच्या डिफरन्शिअलपाशी, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गोळ्यापाशी, चार बोल्ट आहेत, प्रॉपेलर शाफ्ट सोडवून बांधून ठेवा. वीस मिनिटांचं काम.

आणि ऑइल बदलताना ड्रेन प्लगचा गाळ बोटावर घेऊन उन्हात धरा. लोहचुंबकाला चिकटला तर पोलाद, म्हणजे गिअर नाहीतर बेअरिंग. चिकटला नाही आणि जरीसारखा पिवळा चमकला तर पितळ, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी सिंक्रो रिंग झिजायली. आमच्याकडं एकजण तो चकाकता भुगा पुडीत बांधून घेऊन आलता, बघा म्हणून. पुडी हळदीकुंकवाची होती.

अजून एक, डिफरन्शिअलचं जीएल-5 ऑइल उरलंय म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जीएल म्हणजे गिअर ऑइलची प्रत, गाडीच्या पुस्तकात जीएल-4 लिहिलं असेल तर जीएल-4च. पितळेला ते सोसतंच असं नाही.

जांबोटी_नाका
@उद्यमबाग_लेथ थांबा थांबा. त्या काकांचा गिअरबॉक्स पण पंधरा दिवसात बसला होता! शाफ्ट कोणी सोडवला नव्हता, केरी ते बेळगाव तशीच ओढली, साठ-सत्तर किलोमीटर. काका गल्लीभर सांगायचे की तुझ्या बाबानं हिसके देऊन ओढली म्हणून माझी गाडी गेली. दोघं गणपतीच्या वर्गणीलाही एकत्र जात नव्हते.

उद्यमबाग_लेथ
हिसक्यानं नाही. कोरडी फिरून गेली.

मंडपवाली_वैनी
आमचं मंडप डेकोरेशन, खानापूर. पिकअपमागं जनरेटरची ट्रॉली असते. सरळ ओढायला काही नाही, मरण आहे ते रिव्हर्समध्ये. ट्रॉली उलटीकडं वळते, मग पुढं घ्या, परत मागं घ्या, आणि सगळा वेळ पाय अर्ध्या क्लचवर. गेल्या सीझनला हॉलच्या गेटात चार वेळा मागंपुढं केलं आणि खालून पांढरा धूर. वऱ्हाडातली पोरं व्हिडिओ काढायली, त्यांना वाटलं नवरीच्या एंट्रीचा धूर सुरू झाला. ह्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, रात्री मात्र जेवताना "क्लच प्लेट" एवढेच दोन शब्द बोलले. आता ट्रॉली सोडून चार माणसं ढकलतात. गाडी मीच चालवते अजून.

शिनोळीचा_पोरगा
एंट्रीचा धूर 😂😂 वैनी तुम्ही ग्रेट.

निपाणीकर
2019 चा ऑगस्ट. यमगर्णीला हायवेवर पाणी, निपाणीत अडकलो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आतल्या रस्त्यानं काढायला गेलो नि ओढ्यात बंद. ट्रॅक्टरनं ओढून बाहेर काढली. इंजिनात पाणी नव्हतं म्हणून खूश होतो. महिन्यानं गिअरबॉक्समधून रडल्यागत आवाज. ऑइल सोडलं तर दुधाच्या चहासारखं! वर हवा जायला बारकी नळी असते, तापलेला डबा गार पाण्यात गेला की त्यातनं पाणी आत ओढून घेतो म्हणे. बेअरिंग सगळी गंजलेली. 2021 च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा गाडी गच्चीवर न्यायची तेवढी बाकी ठेवली होती.

टेक्सासवासी
मूळचा शहापूरचा. इकडं पिकअपमागं घोडे, बोट, अख्खं घर ओढतात आणि बहुतेक सगळं ऑटोमॅटिक. पायानं दाबायचा क्लच नाही, खरं तापायचं दुखणं तेच. त्या क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात ऑइल घुसळून तापतं, ऑइल जळलं की आतल्या क्लचच्या चकत्या जळतात. म्हणून वेगळा कूलर आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा. माझ्या शेजाऱ्याकडं ड्युरामॅक्स इंजिनची पिकअप आहे, अ‍ॅलिसन 1000 गिअरबॉक्सवाली. 2001 मध्ये ती जोडी आली, त्यावर आणि कमिन्स इंजिनच्या रॅम पिकअपवर इथं लोक आपल्याकडं कुस्तीवर भांडतात तसं भांडतात. मोठ्या डिझेल पिकअपला हातानं टाकायचा गिअर शेवटचा रॅममध्येच होता, 2018 च्या मॉडेलपर्यंत. टो मोडचं, म्हणजे ओढायच्या कामाचं, बटण दाबलं की उतारावर गाडी स्वतःच खालच्या गिअरला येते.

मिरचीवाला
तिकडं चोर्ला आहे काय पण?

टेक्सासवासी
नाही. कुंदा पण नाही 😔

गोवावेस_अण्णा
उतारावर गिअर म्हटलं म्हणून. आमचे ड्रायव्हर डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल सोडतात. किती बोंबललो तरी सोडतातच. गिअरमध्ये उतरली आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की आताच्या इंजिनात डिझेल जातच नाही, मग वाचवलं काय? उलट ब्रेक तापतात आणि खाली वळणावर घाबरून गिअर कोंबतात. कर्रर्र. तो कर्रर्र आवाज म्हणजे माझे पैसे.

शिनोळीचा_पोरगा
डिझेलवरून आठवलं, आज कर्नाटकातल्या पंपावर रेट काय आहे? आमच्याकडचे सगळे तिकडंच भरायला जातात.

गोवावेस_अण्णा
पंपावर जाऊन बघ की गा.

जांबोटी_नाका
बाबांना आत्ता वाचून दाखवलं. गप्प बसले. मग म्हणाले, "शाफ्ट सोडायचा मला सुचलं असतं तर." काका आहेत अजून, गुडघे गेलेत, दारातच बसून असतात. सकाळी ऑइल बदलायला ऑटोनगरला जायचंय, वाटेत थांबतो त्यांच्याकडं.

निपाणीकर
बाबांना पण घेऊन जा.

जांबोटी_नाका
येतील काय माहीत. चप्पल दारात काढून ठेवलीय तेवढी.

शिनोळीचा_पोरगा
वैनी, 15 मे ला जनरेटर मोकळा आहे काय? ताईचं लग्न आहे, शिनोळीत.

मंडपवाली_वैनी
आहे. गेट केवढं आहे ते आधी सांगा.