बाबांच्या नाटकांसाठी सोलरवर चालणारा छोटा टीव्ही-कंप्युटर बनवायचा आहे, नागपुरात कोणी केलंय का?

मानेवाडा_गच्ची

नमस्कार मंडळी. आमचं घर मानेवाड्याकडे, दोन मजली, गच्ची पूर्ण मोकळी, फक्त एका कोपऱ्यात पाण्याची टाकी. बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले, मूळचे वडसा देसाईगंजकडचे, त्यामुळे झाडीपट्टीच्या नाटकांचं आणि गावच्या दंडारीचं त्यांना भयंकर वेड. त्यांनी स्वतः हँडीकॅमवर काढलेल्या कॅसेट्स पेटीभर पडल्या होत्या, त्या मी दिवाळीत एकेक करून कंप्युटरवर उतरवल्या, तासाला १३ जीबी पडले, सगळं मिळून ६०० च्या आसपास गेलं. आता रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी ते पाहतात, गावचे कोण कोण त्यात दिसते ते आईला सांगतात.

अडचण अशी की उन्हाळ्यात नेमकी संध्याकाळीच लाइन जाते, आणि माझा जुना डेस्कटॉप मॉनिटर धरून सव्वाशे वॅट ओढते. घरी इन्व्हर्टर आहे, १५० एएचची ट्यूब्युलर, पण त्यावर दोन पंखे, लाइट, राउटर आहे, डेस्कटॉप जोडला की रात्री पंखे बंद पडतात. म्हणून विचार करून राहिलो की एक कमी वीज खाणारा छोटा कंप्युटर घ्यायचा, तो फक्त सोलरवर चालवायचा, घरच्या लाइनीशी संबंधच नको. कंप्युटर कोणता, पॅनल किती वॅटचं, बॅटरी कोणती, की असलेल्या इन्व्हर्टरच्याच बॅटरीला सोलर लावू? बाबांना रिमोटचं बटन दाबलं की लागलं पाहिजे, माउस-बिउस नको, एवढंच त्यांचं मागणं आहे.

ऊन_वाया_घालवू_नका

भाऊ, आधी कंप्युटरचा विचार बाजूला ठेवा, कारण खरा खाऊ कंप्युटर नाहीच. रास्पबेरी पाय ४ (हाताच्या तळव्याएवढा एका बोर्डाचा कंप्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो) व्हिडिओ चालवताना ४-५ वॅट घेते, बस. स्क्रीन त्याच्या चौपट घेते. आणि ३२ इंची टीव्ही इन्व्हर्टरवर लावणार असाल तर तो ४५-५० वॅट, पण त्याहून वाईट गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे इन्व्हर्टर स्वतः काही न चालवता, नुसता चालू राहून १५ वॅटच्या आसपास खाते. दिवसाचे २४ तास धरा, ३६० वॅट-तास झाले! म्हणजे बाबांच्या पाच तासांच्या नाटकापेक्षा इन्व्हर्टरचं जागरण महाग. मी स्वतः दोन वर्षं हे समजून न घेता पॅनल वाढवत बसलो होतो.

म्हणून सगळं डीसीवर ठेवा, मध्ये २३० व्होल्ट येऊच देऊ नका. २२ इंची मॉनिटर घ्या ज्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आहे (अडॅप्टरच्या मागे लिहिलेलं असते, १९ व्होल्टवालेही भरपूर येतात म्हणून दुकानात वाचूनच घ्या), तो २० वॅटच्या आसपास. पाय ५ वॅट, छोटे स्पीकर ५ वॅट. झाले ३०. पाच तास म्हणजे १५० वॅट-तास, कन्व्हर्टरमध्ये जाते ते धरून १६५. पाय दिवसभर चालूच ठेवला तर अजून ७५ जोडा, २४० झाले.

बॅटरी १२.८ व्होल्ट ५० एएचची लिथियम फॉस्फेट, म्हणजे ६४० वॅट-तास, त्यातले ८० टक्के वापरायचे, ५१० हाती येतात, दोन ते तीन दिवस ढगाळ गेले तरी चालते. पॅनल १०० चं पुरेल असं उन्हाळ्यात वाटेल, कारण दिवसाला साडेचार तास पूर्ण ऊन धरलं आणि उष्णता, धूळ, वायर यांचे ३० टक्के सोडले तरी ३१५ मिळतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये पूर्ण झाकोळलेल्या दिवशी तासाभराचंच ऊन मिळालं असं धरून चाला, तेव्हा १०० वॅटचे ७० येतील. १०० ची दोन घ्या. आडवी ठेवू नका, तोंड दक्षिणेला आणि उतार २१ अंश, नागपूरचा अक्षांश तेवढाच आहे.

छतावर_३_किलोवॅट

मी वेगळं सांगतो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ ३ किलोवॅटचं रूफटॉप लावून टाका, पीएम सूर्यघरमध्ये ७८,००० सबसिडी आहे, नेट मीटरिंग होते (जास्तीची वीज लाइनीत जाते आणि बिलातून वजा होते), बिल जवळजवळ शून्यावर येते. मग डेस्कटॉप चालवा नाहीतर एसी चालवा.

सोल्डरचा_वास

वरच्या दादांचं बिलाच्या बाबतीत बरोबर आहे, पण प्रश्न बिलाचा नाहीये ना, प्रश्न लाइन गेल्यावर चालण्याचा आहे. साधं ऑन-ग्रिड रूफटॉप लाइन गेली की स्वतःही बंद होते, भर दुपारी पॅनल तापलेलं असलं तरी. ते मुद्दाम तसं बनवलेलं असते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या अंगात आपल्या छतावरचा करंट जाईल. आणि संध्याकाळी तर ऊनच नसते, बॅटरी लागेलच. तेव्हा रूफटॉप लावायचं तर जरूर लावा पण बाबांचं काम त्याने होणार नाही.

आता जोडणीचं सांगतो कारण इथेच लोक फसतात. दोन पॅनल समांतर जोडू नका, एकामागे एक म्हणजे सिरीजमध्ये जोडा. गच्चीवरून खालच्या खोलीपर्यंत वायर १५ मीटर तरी होईल, जाऊन-येऊन ३०. समांतर जोडले तर १८ व्होल्टवर ११ अँपिअर वाहतात, आणि दुकानदार जी दीड एमएमची वायर काढून देते तिच्यात १८ पैकी ४ व्होल्ट वाटेतच जातात. एकामागे एक जोडले की ३६ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर, ४ एमएमची सोलर वायर घेतली की नुकसान एक व्होल्टाच्याही आत. त्यासाठी पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचाच लागेल, तो जास्तीचे व्होल्ट करंटमध्ये बदलून बॅटरीला देते; स्वस्तातला पीडब्ल्यूएम प्रकार पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणते, म्हणजे ३६ व्होल्टचा अर्ध्याहून जास्त माल फेकून दिला. कंट्रोलर घेताना इनपुट किती व्होल्ट झेपते ते पहा, दोन पॅनल मोकळ्या स्थितीत ४४ पर्यंत जातात, थंडीत सकाळी अजून थोडे वर, त्यामुळे ७५ व्होल्टवाला घ्या.

पाय ला ५ व्होल्ट द्यायला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा छोटा बोर्ड) लागेल, तो बॅटरीजवळ नाही, पाय च्या जवळ बसवा आणि ५.१ व्होल्टवर सेट करा. ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्क्रीनवर विजेचं चिन्ह दाखवते आणि स्लो होते, आणि बारीक यूएसबी केबलमध्ये तेवढे पॉइंट सहज पडतात. मॉनिटर थेट बॅटरीवर टाकू नका, चार्ज होताना बॅटरी १४.४ पर्यंत चढते, मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट टाका. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत फ्यूज. हा फ्यूज विसरू नका भाऊ, लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटते, घरात आई-बाबा असतात.

मानेवाडा_गच्ची

खूप खूप आभार, इन्व्हर्टरच्या जागरणाचं मला स्वप्नातही आलं नव्हतं. आज घरी मीटरने मोजलं, आमचा रिकामा इन्व्हर्टर १८ वॅट ओढून राहिला!

दोन शंका. पाय ४ घेऊ की ५, की तो एन१०० वाला मिनी पीसी? आणि हँडीकॅमच्या व्हिडिओत हालचाल झाली की कडेला आडव्या रेघा रेघा दिसतात, डेस्कटॉपवर दिसत नव्हत्या, मित्राच्या पाय वर लावून पाहिलं तर दिसल्या. ते कंप्युटर कमी ताकदीचा असल्यामुळे होते का?

सोल्डरचा_वास

ताकदीचं कारण नाही. कॅसेटवरचं चित्र ७२० बाय ५७६ चं आणि इंटरलेस्ड असते, म्हणजे एका फ्रेममध्ये सम आणि विषम रेघा वेगवेगळ्या क्षणाच्या. जुन्या डबा टीव्हीसाठी ते बरोबर होतं. कोडी नावाच्या व्हिडिओ प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये डीइंटरलेस चालू करा आणि ते सगळ्या व्हिडिओंसाठी सेव्ह करा. पाय वर लिबरइलेक नावाची सिस्टिम टाका, त्यात चालू केल्याबरोबर कोडीच उघडते, आणि एचडीएमआय-सीईसी (एचडीएमआय केबलमधूनच रिमोटचे हुकूम पाठवायची सोय) असलेला छोटा टीव्ही मिळाला तर टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालेल. मॉनिटरला सीईसी बहुतेक नसतेच, तेव्हा यूएसबीवाला साधा रिमोट घ्या.

पाय ४ पुरे. ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअरचा सप्लाय पाहिजे, ३ चा दिला तर यूएसबीचा करंट कमी करून टाकते आणि डिस्क अडखळते. एन१०० मस्त आहे, एव्ही१ नावाचा नवा व्हिडिओ फॉरमॅट सुद्धा चालवते जे दोन्ही पाय हार्डवेअरवर करत नाहीत, पण नुसता बसून पाय च्या दुप्पट खाते. बाबांच्या कॅसेटला त्याची गरज नाही.

अजून एक, बॅटरी संपली की कंट्रोलर लोड एकदम तोडते, आणि असं दोन-चारदा झालं की मेमरी कार्डाची फाइल सिस्टिम बिघडते. आयएनए२१९ नावाचा छोटा सेन्सर मिळतो, तो बॅटरीचं व्होल्टेज पाय ला सांगते, १२.५ च्या खाली गेलं की व्यवस्थित शटडाउन करायची चार ओळींची स्क्रिप्ट टाका. आणि ६०० जीबीची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर करून नातेवाइकाकडे ठेवा. हे आधी करा, सोलर नंतर. त्या कॅसेट परत भरता येणार नाहीत.

नवतपा_आणि_मी

मी वर्धा रोडकडे राहते, आमच्याकडे असाच सेट तीन उन्हाळे झाला. ऊन किती मिळेल याची काळजी सगळे करतात पण नागपुरात खरी परीक्षा उष्णतेची. पॅनलवरची वॅटची पाटी २५ अंशाची असते. मे मध्ये काच आणि सेल ६५ पर्यंत तापतात, प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का उतरते, म्हणजे १०० चे ८४-८५ च राहतात. पॅनल गच्चीला चिकटवून ठेवू नका, खालून वीतभर तरी वारा जाऊ द्या.

बॅटरी मात्र गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत अजिबात नको. लिथियम फॉस्फेटला ४५ च्या वर चार्ज करायचं नसते, आणि नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) टिनाखाली ४५ कधीच ओलांडलेलं असते. आमच्या पहिल्या बॅटरीचं तेच झालं, दुपारी बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंग बंद करायची आणि आम्हाला वाटायचं पॅनल खराब. शेवटी खाली जिन्याखालच्या कोपऱ्यात आणली, तिथे दिवसभर सावली असते, तेव्हापासून कुरकुर नाही.

दुसरं कूलरचं. आपण सगळे कूलरसमोर बसतो आणि कंप्युटरही तिथेच ठेवतो. ती ओलसर हवा सरळ बोर्डावर गेली की महिन्याभरात कनेक्टर हिरवे पडायला लागतात. पाय ॲल्युमिनियमच्या बंद केसमध्ये ठेवा, तीच केस उष्णताही बाहेर काढते, पंखा नको कारण पंखा धूळ ओढते. ८० अंशाला पाय आपणहून स्लो होते, बंद शोकेसमध्ये ठेवलं की तिथे पोहोचायला वेळ लागत नाही.

पॅनल धुवायचं ते सकाळी सहा-सातला. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारा. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे विजा फार पडतात, फ्रेमला अर्थिंग आणि लाइनीवर डीसीचा सर्ज प्रोटेक्टर लावूनच घ्या.

मानेवाडा_गच्ची

सहा आठवड्यांनी लिहितो. सगळं बसलं. कॉपी आधी केली, भंडाऱ्याला ताईकडे ठेवली. बॅटरी जिन्याखाली, पाय केसमध्ये कूलरच्या विरुद्ध भिंतीवर, २२ इंचाचा मॉनिटर. एकूण मोजलं तर २८ वॅट भरते. मे च्या शेवटच्या आठवड्यात दुपारी एक वाजता दोन्ही पॅनल मिळून १५५ पर्यंत गेले, त्याच्या वर एकदाही नाही, वर्धा रोडवाल्या ताई म्हणाल्या तसंच. सकाळी अकराच्या आत बॅटरी फुल्ल होते.

टाकीची सावली मात्र त्रास द्यायची. साडेचारनंतर एका पॅनलच्या फक्त कोपऱ्यावर यायची, मला वाटलं एवढ्याशाने काय होते, पण ते पॅनल निम्म्यावर यायचं.

परवा साडेसातला लाइन गेली ती दहाला आली. गल्लीतले दोन काका गच्चीवर बसायला चालले होते, आमच्याकडे नाटक चालू दिसलं म्हणून आत आले. बाबांनी त्यांना पहिल्या अंकापासून परत लावून दिलं.

ऊन_वाया_घालवू_नका

वा, मस्तच. एका पॅनलमधले सेल एकाच माळेत असतात आणि त्या माळेला बहुतेक दोनच बायपास डायोड, म्हणून कोपरा झाकला तरी अर्धं पॅनल जाते. पॅनल सरकवलं का मग? आणि डिसेंबरात सूर्य खाली उतरतो, सावली लांब पडते, तेव्हाची जागा आत्ताच पाहून ठेवा.

मानेवाडा_गच्ची

सरकवलं, चार फूट पूर्वेला, पाया अजून पक्का केला नाही, विटांवर ठेवून दोरीने बांधलंय. डिसेंबरची सावली पाहूनच सिमेंट करतो.

नवतपा_आणि_मी

डिसेंबरपर्यंत विटांवर नका ठेवू, पहिल्या वादळातच उडेल. आत्ता लोखंडी अँगलचा स्टँड करून घ्या आणि त्याच्या पायांवर सिमेंटचे ठोकळे ठेवा, नंतर उचलून हलवता येते.