ओळ वळली, तुटली की संपली? ‘लाइन ब्रेक’साठी मराठी शब्द
(बोलणाऱ्यांची नावे सोलापुरातल्या भागांवरून दिली आहेत.)

साखर पेठ
मजकूर सलग करणाऱ्या एका स्क्रिप्टसोबत (छोट्या प्रोग्रॅमसोबत) मराठीत सूचनापत्र द्यायचे आहे. पीडीएफमधून, पेजमेकरच्या जुन्या फायलींतून किंवा एक्सेलमधून बाहेर काढलेल्या मजकुरात नको तिथे ‘लाइन ब्रेक’ येतात, त्यांना काय म्हणावे? ‘ओळखंड’ आणि ‘ओळतोड’ हे दोन सुचले आहेत. छपाईच्या दुकानांत सरळ “एंटर काढा” म्हणतात. तेच ठेवले तर?

दत्त चौक
‘एंटर’ नको. एंटर ही कळ आहे, चिन्ह नव्हे. वर्डमध्ये नुसता एंटर मारला की परिच्छेद संपतो. शिफ्ट धरून मारला की परिच्छेद तोच राहतो, फक्त ओळ तुटते. शोध-बदलच्या चौकटीत पहिल्याची खूण कॅरेट पी (^p), दुसऱ्याची कॅरेट एल (^l). “एंटर काढा” एवढेच वाचणारा दोन्ही काढतो आणि चाळीस परिच्छेदांचा एक ढीग हाती येतो.

मराठीत क्रियापदे तयार आहेत : ओळ वळते, ओळ तुटते, परिच्छेद संपतो. ओळ वळते ती चौकटीच्या रुंदीमुळे. खिडकी ओढून मोठी केली की वळण सरकते, कारण फायलीत त्याची नोंदच नसते. तुटलेल्या जागी मात्र फायलीत चिन्ह बसलेले असते, खिडकी कितीही ओढा. म्हणून माझे मत ‘ओळतोड’. ‘खंड’ म्हटले की ग्रंथाचा खंड किंवा पावसाचा खंड आठवतो, शिवाय ‘ओळखंड’ वाचताना डोळा आधी ‘ओळख’वर अडतो.

सात रस्ता
अण्णा, एक शंका. ऊसतोड, वृक्षतोड यांत ‘तोड’ म्हणजे तोडण्याचे काम. आपल्याला तुटलेल्या जागेचे नाव हवे आहे. ‘ओळतोड सापडली’ हे कानाला कसे लागते?

दत्त चौक
शंका रास्त आहे. पण ‘जोड’ हा शब्द बघा. जोडण्याचे कामही जोड आणि पाइपाला जिथून पाणी गळते ती जागाही जोड. ‘तोड’ वापराने तसाच रुळेल. ‘ओळभंग’ही चालला असता, पण पद्यात भंग म्हणजे दोष, आणि दोष नसलेल्या तोडीही असतात.

होटगी रोड
चिन्हे दोन आहेत हे सूचनापत्रात यायलाच हवे. आस्की या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संकेतात १० क्रमांक लाइन फीडचा, १३ क्रमांक कॅरेज रिटर्नचा. टेलिप्रिंटरवर ही दोन वेगळी कामे होती : १३ ने छापणारा भाग डावीकडे परत यायचा, १० ने कागद एक ओळ वर सरकायचा. विंडोज अजून दोन्ही लिहिते, लिनक्स फक्त १०, आणि मॅक ओएस ९ पर्यंतचे मॅक फक्त १३. विंडोजच्या नोटपॅडला नुसता १० समजू लागला तो २०१८ मध्ये. त्याआधी लिनक्सवरची फाइल त्यात एका ओळीत दिसायची आणि लोक समजायचे की तोडी नाहीतच. नोटपॅड++ मध्ये व्ह्यू, शो सिंबॉल, शो एंड ऑफ लाइन केले की खरे काय ते दिसते. आधी बघा, मग स्क्रिप्ट चालवा.

साखर पेठ
मग क्रियापद कोणते? ओळतोड काढणे?

दत्त चौक
काढणे नको, सांधणे. मागावर धागा तुटला की तो सांधतात. सोलापुरात हे वेगळे सांगायला नको. ‘काढा’ लिहिले की स्क्रिप्ट लिहिणारा चिन्हाच्या जागी काहीच ठेवत नाही आणि ‘सोलापूर’ व ‘शहरात’ चिकटून ‘सोलापूरशहरात’ होते. हे निदान डोळ्यांना खुपते. ‘आज’ ओळीच्या शेवटी आणि ‘वर’ पुढच्या ओळीच्या आरंभी असेल तर ‘आजवर’ तयार होते, ‘एक’ आणि ‘दम’चे ‘एकदम’. शब्द शुद्ध, वाक्य चुकीचे, आणि शुद्धलेखन तपासणारे साधन गप्प. तोडीच्या जागी एक मोकळी जागा ठेवणे म्हणजे सांधणे. ‘सलग’ हे त्या कामाचे फळ : ओळी सांधा, मजकूर सलग होईल.

अपवाद संयोगचिन्हाचा. ओळ ‘शेंगा-’वर संपून पुढची ‘चटणी’ने सुरू होत असेल तर मध्ये मोकळी जागा नको आणि चिन्हही पुसू नका, कारण जोडशब्दांत ते लेखकाचे असते. पानजुळणीने स्वतः घातलेले मऊ संयोगचिन्ह, युनिकोड क्रमांक यू+००एडी, तेवढे पुसा.

होटगी रोड
क्रम चुकला की सगळे चुकते, म्हणून क्रम देतो.
१३-१० ची जोडी आणि सुटा १३, दोन्हींचा १० करा. ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. रिकाम्या दिसणाऱ्या ओळीत एक स्पेस लपलेली असते, त्यामुळे लागोपाठ दोन १० सापडत नाहीत आणि दोन परिच्छेद एकमेकांत मिसळतात. मग पानाचे शीर्षक, पृष्ठांक आणि पान संपल्याचे चिन्ह (क्रमांक १२) काढा, नाहीतर पृष्ठांक वाक्याच्या पोटात जाऊन बसतो. आता दोन किंवा अधिक १० च्या जागी मजकुरात कुठेच नसलेली खूण, समजा §§§. उरलेल्या प्रत्येक १० च्या जागी एक स्पेस. खुणेच्या जागी पुन्हा दोन १०. शेवटी दुहेरी स्पेस एकेरी.

पीडीएफमध्ये परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ नसेल तर लांबी बघावी लागते : ओळ पूर्णविरामाने, प्रश्नचिन्हाने किंवा अवतरणाने संपते आणि इतर ओळींच्या पाऊणपटीहून आखूड आहे, तर तिथे परिच्छेद संपला असे धरा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला ‘सोलापूर’ची लांबी विचारली तर तो ७ सांगतो, कारण काना-मात्राही मोजतो, डोळ्यांना अक्षरे चारच दिसतात. म्हणून मोजणी काटेकोर ठेवू नका, संशयित ओळींची वेगळी यादी छापून घ्या.

सात रस्ता
सेड आणि टीआर या लिनक्सवरच्या मजकूर बदलणाऱ्या आज्ञांबद्दलही लिहा. सेड एका वेळी एकच ओळ हातात घेतो आणि शेवटचा १० बाजूला ठेवतो, म्हणून साध्या आज्ञेत तो त्याला सापडतच नाही. लिनक्सवर असतो तो जीएनयूचा टीआर अक्षरे नव्हे, बाइट मोजतो. १० आणि १३ साठी ठीक. पण इनडिझाइनमधून किंवा वेबपानावरून आलेले यू+२०२८ हे ओळविभाजक त्याला काढायला लावले तर ते ई२, ८०, ए८ असे तीन सुटे बाइट म्हणून जातात. यूटीएफ-८ या साठवण पद्धतीत ‘न’ हा ई०, ए४, ए८ आणि दीर्घ ईकाराची वेलांटी ई०, ए५, ८०. म्हणजे फायलीतला प्रत्येक ‘न’ आणि प्रत्येक दीर्घ वेलांटी फुटते. असे काम पायथनला द्या, फाइल यूटीएफ-८ सांगून उघडा.

आणि ‘अदृश्य चिन्हे काढा’ अशी तयार आज्ञा मराठीवर चालवू नका. यू+२००डी हे जोडणारे चिन्ह गेले तर काही फायलींत ‘दर्‍या’चा ‘दर्या’ होतो. पंढरपूरच्या वाऱ्यांचेही तेच.

दत्त चौक
कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फाँटातल्या फायली आधी युनिकोडमध्ये आणा, मग सांधा. कृतिदेवात पूर्णविराम हा संयोगचिन्हाच्या कोडवर बसलेला असतो. रूपांतराआधी ‘ओळीच्या शेवटचे संयोगचिन्ह पुसा’ असा नियम चालवला तर ओळीच्या शेवटी आलेला प्रत्येक पूर्णविराम जातो.

होटगी रोड
एक्सेलमधून स्वल्पविरामांनी विभागून काढलेल्या सीएसव्ही फायलीला मात्र वरचा क्रम लावू नका. तिथे रांग संपते १३-१० ने आणि घरातल्या घरात (एकाच सेलमध्ये) ऑल्ट-एंटरने तोडलेली ओळ असते नुसता १०. पहिल्याच पायरीत सगळ्यांचा १० केला की दोन्हींतला फरक गेला. पायथनचे सीएसव्ही मॉड्यूल वापरा, फाइल उघडताना न्यूलाइनला रिकामे अवतरण (newline='') द्या आणि प्रत्येक घरातला १० वेगळा सांधा. रांगांना हात लावू नका.

सात रस्ता
घरातलाही आधी बघून. लग्नपत्रिकांच्या पत्त्यांत पेठ, गाव, पिन या तोडी छापायच्या असतात. ओव्या, अभंग, सिद्धरामेश्वरांची वचने यांतही ओळ तुटत नाही, चरण संपतो. त्यासाठी वेगळा शब्द करू नका, ‘चरण’च लिहा आणि चरणांची पाने स्क्रिप्टमधून वगळा.

साखर पेठ
ठरले, ‘ओळतोड’. अनेकवचन?

दत्त चौक
ऊसतोडीसारखेच चालवा : ती ओळतोड, त्या ओळतोडी, ओळतोडीच्या जागी. सूचनापत्रात पहिल्या वापराला शेजारी ‘लाइन ब्रेक’ लिहा, पुढे नको.